मागच्या सीटवर कोण बसणार?

परवाचीच गोष्ट. लग्नसराईचे दिवस, त्यामुळे दुपारची झोप वगैरे विसरून मी मशीनवर बसले होते. एका नवरीच्या ब्लाऊजला मागून दोरी लावायची की हुक, यावर तिच्या मावशीची आणि तिची जुंपलेली. तेवढ्यात आमचा मुलगा मोबाइल नाचवत आत आला.

"मम्मी, हे बघ. आजोबांची येझदी मी अशी करणार आहे."

बघितलं तर एक ठेंगणी, रुंद चाकांची मोटारसायकल. पुढचं मडगार्ड नाहीच. मागचं अर्ध्यातून कापलेलं. आणि मधोमध सायकलच्या सीटसारखी एकच सीट, हवेत तरंगल्यासारखी. तिच्या मागे काही नाही. नुसतं चाक.

"हिला काय म्हणतात?"

"बॉबर!"

"म्हणजे बॉबकट केलेली का रे?" मी आपलं सहज म्हटलं. नवरीची मावशी फस्सकन हसली. मुलगाही हसला, "मम्मी, तुला काही कळत नाही."

मैत्रिणींनो, आपल्याला काही कळत नाही हे वाक्य आपण सगळ्याच ऐकत आलोय. पण मी कोल्हारात तीस वर्षं कात्री चालवतेय. कुठलीही वस्तू कापायची म्हटली की माझे कान टवकारतात. म्हणून या वेळी ठरवलं, हे बॉबर प्रकरण काय आहे ते समजून घ्यायचंच. आणि काय सांगू, माझं बोलणं अगदीच अडाण्याचं नव्हतं!

घोड्याची शेपटी, बायकांचे केस आणि मडगार्ड

'बॉब' म्हणजे आखूड कापणं. घोड्याची शेपटी आखूड कापतात त्यावरून हा शब्द आला. १९२० च्या दशकात युरोप-अमेरिकेतल्या बायकांनी लांब केस कापून मानेपर्यंत आणले, तो बॉबकट. त्याही काळात घराघरांत केवढी रडारड झाली म्हणे. पुढे १९३० आणि १९४० च्या दशकांत अमेरिकेतल्या तरुणांनी तेच आपल्या मोटारसायकलींवर केलं. तिकडच्या गाड्या जड, लोखंडाने लादलेल्या. पोरांनी पुढचं मडगार्ड काढून टाकलं, मागचं आखूड कापलं, जे जे नको वाटलं ते उतरवलं. गाडी हलकी झाली, पळायला लागली. दुसऱ्या महायुद्धावरून परतलेल्या सैनिकांत हा छंद आणखी पसरला. या कापाकापीला ते 'बॉब-जॉब' म्हणत. त्यावरून बॉबर.

चॉपर म्हणून जो प्रकार सिनेमात दिसतो, लांबलचक पुढचं चाक आणि उंच हँडल, तो नंतरचा. चॉपरमध्ये गाडीची फ्रेमच कापतात. बॉबरमध्ये फ्रेम सहसा तशीच ठेवून वरचं ओझं कमी करतात. शिवणकामाच्या भाषेत सांगायचं तर बॉबर म्हणजे बाही आखूड करणं, आणि चॉपर म्हणजे साडी उसवून तिचा पंजाबी ड्रेस शिवणं!

म्हणजे मूळ कल्पना वाईट नाहीच. जे कामाचं नाही ते काढा, गरज आहे तेवढंच ठेवा. आपल्या आज्याही जुन्या लुगड्याचं हेच करायच्या. फाटकं काढायचं, धडकं ठेवायचं आणि त्याची गोधडी शिवायची.

आपल्याकडे बॉबर आली कशी?

आपल्या तरुणांच्या डोळ्यांपुढे ही गाडी आणली ती जावाने. १५ नोव्हेंबर २०१८ ला जावा हे नाव भारतात परत आलं आणि त्याच दिवशी 'पेरक' नावाची एका सीटची काळी बॉबर दाखवली गेली. ती विकायला काढली २०१९ च्या नोव्हेंबरात, १ लाख ९४ हजार रुपयांना. प्रत्यक्षात लोकांच्या हाती पडायला २०२० उजाडलं. मग सप्टेंबर २०२२ मध्ये 'जावा ४२ बॉबर' आली. आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये रॉयल एनफिल्डने गोव्यात 'गोअन क्लासिक ३५०' नावाची बॉबर आणली. गोव्यात साठ-सत्तरच्या दशकांत आलेले हिप्पी आणि त्यांच्या हौशीने बदललेल्या बुलेट यांची आठवण म्हणून हे नाव.

पेरक या नावाची गोष्ट मला फार आवडली. दुसऱ्या महायुद्धात प्राग शहरावर जर्मनांचा कब्जा होता. तेव्हा लोकांत एक दंतकथा पसरली, की पायांना स्प्रिंगा लावलेला एक माणूस रात्री घरांवरून उड्या मारतो आणि जर्मन सैनिकांची झोप उडवतो. त्याचं नाव पेरक. जावाच्या माणसांनी युद्धाच्या काळात गुपचूप एक गाडी तयार केली होती, मागच्या चाकाला स्प्रिंग असलेली. १९४६ मध्ये ती जगापुढे आली आणि तिलाही लोक पेरक म्हणू लागले.

जावा हे नावसुद्धा दोन शब्दांची शिलाई आहे. यानेचेक या कारखानदाराच्या नावातला 'जा' (त्यांच्याकडे तो 'या' म्हणतात) आणि वांडरर या जर्मन कंपनीचा 'वा'. सन १९२९. भारतात ही गाडी म्हैसूरच्या आयडियल जावा कारखान्यात १९६० च्या दशकाच्या सुरुवातीपासून बनू लागली. कारखाना उभा करणारे रुस्तम आणि फारुख इराणी. सत्तरच्या दशकात तिथल्या गाड्यांवर 'येझदी' हे नाव आलं. १९९६ मध्ये कारखाना बंद पडला. जावा परत आणणाऱ्या मंडळींत महिंद्रांबरोबर रुस्तम इराणींचे चिरंजीव बोमन इराणीही आहेत. (सिनेमातले नव्हेत हं, मुंबईचे बांधकाम व्यावसायिक!)

आणि हौसेने गाड्या बदलून देणाऱ्यांत आपला मराठी माणूसही मागे नाही. मुंबईचे अक्षय वर्दे आधी विमानात केबिन क्रू होते. ती नोकरी सोडून त्यांनी मोटारसायकली घडवायला घेतल्या. त्यांच्या कंपनीचं नाव 'वर्देंची'. अगदी सरळ मराठी, 'ही गाडी कुणाची? वर्देंची!' बुलेटवर त्यांनी केलेली कामं बघितली की त्याला कलाकुसरच म्हणावं लागतं.

तर मुलाच्या डोक्यात हे सगळं भरलेलं. आणि समोर पडवीत, पोत्याखाली, बारा वर्षं उभी असलेली आमच्या मामंजींची येझदी.

ती येझदी

मामंजींनी ही गाडी १९८४ साली घेतली. मी या घरात आले १९९० ला. माप ओलांडून आत आले त्याच्या तिसऱ्या दिवशी याच गाडीवर मागे बसून आम्ही भगवतीदेवीच्या दर्शनाला गेलो. हे पुढे, मी मागे, दोन्ही पाय एका बाजूला, एका हाताने पदर धरलेला आणि दुसऱ्या हाताने सीटचा पट्टा. ह्यांच्या खांद्याला धरायची सोय नव्हती, समोर ओट्यावर सगळी वडीलधारी बसलेली!

येझदीची एक गंमत ज्यांच्या घरी ती होती त्यांना आठवत असेल. किक आणि गिअर एकाच दांड्याला. किक मारायची आणि तोच दांडा पुढे फिरवून गिअर टाकायचा. दोन्ही बाजूंना दोन सायलेन्सर, पेट्रोलमध्ये ऑइल मिसळून टाकायचं, आणि तो 'डुग डुग डुग' आवाज. प्रवरेच्या पुलावर गाडी आली की आत्याबाई घरात चहाचं आधण ठेवायच्या. नदीपलीकडून आवाज ओळखू यायचा.

याच सीटवर काय काय बसलं नाही? भगवतीच्या पौष पौर्णिमेच्या यात्रेत आम्ही चौघं बसून गेलोय (ते चूकच होतं, पण तेव्हा कुणाला कळत होतं). घासाचे भारे बांधले. दुधाच्या किटल्या लटकवल्या. डाळिंबाची रोपं आणली. आणि १९९५ च्या पावसाळ्यात, रात्री दीड वाजता, कळा सुरू झाल्यावर मी याच सीटवर बसून लोणीच्या दवाखान्यात गेले. पुढे हे, मध्ये मी, आणि माझ्या मागे मला घट्ट धरून आत्याबाई. तीन माणसांच्या वर चौथं पोटात. त्या चौथ्यालाच आता ती सीट कापायची होती!

ज्याचं त्याचं मत

घरात विषय निघाला आणि प्रत्येकाला मत फुटलं.

मुलगा म्हणाला, "गाडी अशीच सडून जाईल, त्यापेक्षा काहीतरी भारी करू. बघणारे वळून बघतील."

हे म्हणाले, "कर की. नाहीतर भंगारवाला किलोवर नेईल." पुरुषांचं एक बरं असतं, त्यांच्या आठवणी हँडलपाशी असतात. सीटचं त्यांना काही वाटत नाही.

गॅरेजवाले काका आमच्या ओळखीचे. त्यांनी गाडीभोवती दोन फेऱ्या मारल्या आणि म्हणाले, "वहिनी, दिसायला नंबर एक होईल. पण मागची फ्रेम कापली तर शॉकअप कशाला टांगायचे? वेल्डिंग मारून करतात पोरं, पण वेल्डिंग हाललं तर रस्त्यातच पाठ मोडते गाडीची. आणि मडगार्ड काय शोभेचं असतं का? कारखाना चालू झाला की रस्त्याला उसाच्या ट्रेलरचा चिखल. पुढचं मडगार्ड नसलं तर सगळा तोंडावर."

यावर शेजारचे एक भाऊसाहेब म्हणाले, "आम्ही काढलं होतं की मडगार्ड! राजदूतचं." खरंच होतं ते. आमच्या काळ्या रानात पावसाळ्यात गाडी घातली की मडगार्ड आणि चाक यांच्यामध्ये चिखल असा गच्च बसतो की चाकच फिरत नाही. तेव्हा शेतकरी पान्याने मडगार्ड खोलून बांधावर टाकायचे आणि घरी आल्यावर परत बसवायचे. म्हणजे अमेरिकेच्या पोरांना जे सुचलं ते आमच्या भाऊसाहेबांनाही सुचलं होतं. फक्त त्याला बॉबर म्हणतात हे माहीत नव्हतं!

एक गोष्ट मात्र मला त्या बोलण्यातून कळली. आपल्याकडे गाडीत बदल करायचा म्हणजे काहीतरी वाढवायचं. दूधवाला किटल्यांचे हूक लावतो. भाजीवाला मागे कॅरिअर लावतो. नवी गाडी आली की क्रॅशगार्ड, सीटकव्हर, गोंडे, आरशावर रिबीन, आणि मागे 'आईचा आशीर्वाद'. बॉबर याच्या उलट, सगळं काढत जायचं. पण काढता काढता नेमकं काय काढायचं, हे ठरवणार कोण?

हा प्रश्न विचारला आत्याबाईंनी. वय ब्याऐंशी. इतका वेळ ओट्यावर वाती वळत होत्या. नातवाने मोबाइल त्यांच्यापुढे धरला. त्यांनी चष्मा वर सारून बघितलं आणि एवढंच म्हणाल्या, "चांगलीये रं. पण म्या कुठं बसू?"

घरात एकदम चिडीचूप.

सीट म्हणजे नुसती सीट नसते

मैत्रिणींनो, शहरात रिक्षा असते, बस असते. आपल्याकडे एसटी चुकली की काय असतं? कुणाच्या तरी गाडीची मागची सीट. दवाखाना, बाजार, बँक, बचत गटाची मीटिंग, माहेर, लेकीची शाळा, सगळं त्या दीड फुटावर. कितीतरी बायकांनी आयुष्यभर जग पाहिलं ते नवऱ्याच्या, दिराच्या, मुलाच्या खांद्यावरून. आणि अजून कित्येक घरांत लग्न ठरताना 'फक्त एक गाडी द्या' म्हणतात. हुंडा घेणं हा १९६१ पासून गुन्हा आहे, तरी म्हणतात. बापाने कर्ज काढून दिलेल्या गाडीवर त्याच्याच लेकीला बसायला जागा नसेल, तर त्या डिझाइनला भारी कसं म्हणायचं?

गोव्याच्या गाडीचं एक बरं आहे, तिची मागची सीट काढता-घालता येते. गोव्यात तर मोटारसायकलच टॅक्सी असते. 'पायलट' म्हणतात त्यांना, पुढचं मडगार्ड पिवळं रंगवलेलं असतं, ती त्यांची ओळख. मागच्या सीटवर त्यांचं घर चालतं. हौस असावी, पण हौसेलाही मागच्या माणसाची आठवण असावी.

आणि आता जे सांगणार आहे ते जरा मन घट्ट करून वाचा.

माझी एक गिऱ्हाईक आहे, शेजारच्या गावची. दोन वर्षांपूर्वी त्यांच्याकडे नवी गाडी आली. आठ दिवसांत नवऱ्याने साडीगार्ड काढून टाकलं. का, तर 'शो' जातो. दिवाळीच्या आधी ती भाऊबिजेची खरेदी करून परत येत होती. हातात पिशव्या. पदर सुटला, चाकात गेला. गाडी काही वेगात नव्हती, म्हणून जीव वाचला. पण खांद्याचं हाड मोडलं आणि तीन महिने हात गळ्यात. बरी झाल्यावर ती माझ्याकडे आली ती तीच साडी घेऊन. मोरपंखी रंगाची, पदराची चिंधी झालेली, त्यावर ग्रीसचे काळे पट्टे. म्हणाली, "ताई, चांगल्या भागाचा पुतणीला फ्रॉक होईल का?" मी फ्रॉक शिवला. पण कात्री लावताना हात थरथरत होता.

साडीगार्ड ही काही कंपनीने हौसेने दिलेली जाळी नाही. केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ मधला १२३ वा नियम सांगतो, की मोटारसायकलला मागच्या माणसासाठी धरायला पकड हवी, पाय ठेवायला जागा हवी, आणि मागच्या चाकाचा निदान अर्धा भाग झाकेल असं आवरण हवं, कपडे अडकू नयेत म्हणून. कपडे म्हणजे कुणाचे? आपलेच की. कायद्याने आपली आठवण ठेवलीय आणि घरचा माणूस पान्याने ती खोलून ठेवतो!

कापायच्या आधी माप घ्या

मग सूनबाईने लॅपटॉप उघडला आणि कायद्याचं सगळं वाचून दाखवलं. ते तुमच्याही घरात उपयोगी पडेल म्हणून सांगते.

मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ म्हणतं, की आरसी बुकात जी गाडी नोंदली आहे तिच्यापेक्षा वेगळी होईल असा बदल करायचा नाही. सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९ मध्ये हेच बजावलं, की कंपनीने ठरवून दिलेल्या रचनेत असा बदल चालणार नाही. त्याच वर्षी कायदा आणखी कडक झाला. बेकायदा बदल केला तर गाडीमालकाला दर बदलामागे पाच हजार रुपये दंड, किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतं. साधा रंग बदलला तरी आरटीओत नोंद करून घ्यावी लागते.

शिवाय विमा. गाडीत मोठा बदल केला आणि विमा कंपनीला कळवलं नाही, तर अपघातानंतर भरपाई अडू शकते. म्हणजे हौस मुलाची आणि भुर्दंड घराला. फटाके फोडणाऱ्या सायलेन्सरचं तर विचारूच नका. राज्यातल्या कितीतरी शहरांत पोलिसांनी असे सायलेन्सर जप्त करून त्यावर रोडरोलर फिरवलाय.

आमच्या येझदीची तर आणखी अडचण. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची. पुढे गाडी तपासून दर पाच वर्षांनी ती वाढवून घ्यायची. बारा वर्षं पडून राहिल्यामुळे आमची मुदत कधीच संपलेली. म्हणजे आधी श्रीरामपूरच्या आरटीओत गाडी दाखवणं आलं. आणि तिथे अर्धी कापलेली गाडी कोण पास करणार?

मुलगा हिरमुसला. मला वाईट वाटलं. पोरांच्या हौसेवर पाणी टाकायला आईला आवडत नाहीच. मी त्याला म्हटलं, "बाळा, माझ्याकडे बायका आईच्या जुन्या पैठण्या घेऊन येतात. ड्रेस शिवून द्या म्हणतात. मी आधी काय करते? दोन दिवस ती साडी ठेवून घेते आणि सांगते, परत विचार करून ये. कारण एकदा कात्री चालली की पैठणी परत होत नाही. ज्यांची फाटलेली असते त्यांची मी कापते, आनंदाने कापते. धड असेल तर नुसती रफू करून देते. आपली येझदी फाटलीय का?"

तो काही बोलला नाही. पण बोलली सूनबाई.

सूनबाईला वेगळंच दिसलं

"मम्मी, मला एक सांगायचंय. तुम्ही सगळे मागच्या सीटचं बोलताय. मला पुढची हवीय."

आम्ही बघतच राहिलो.

ती म्हणाली, "या बॉबर गाड्यांचं मला एकच आवडलं. सीट खाली असते. जावा ४२ बॉबरची सीट जमिनीपासून ७४० मिलिमीटरवर, गोअन क्लासिकची ७५०. साध्या क्लासिक ३५० ची ८०५ आहे. माझ्यासारख्या पाच फुटी बाईचे पाय टेकतात अशी मोटारसायकल आपल्याकडे मिळते किती?"

खरं सांगते, हा मुद्दा माझ्या डोक्यातच आला नव्हता. मी मोबाइलवरच्या चित्रात मागची रिकामी जागा बघत होते आणि ती पुढची ठेंगणी सीट बघत होती. पिढीचा फरक म्हणतात तो हाच असावा. आता या गाड्या वजनाला हलक्या नाहीत, गोअन क्लासिक १९७ किलोची आहे. पण पाय नीट टेकले की निम्मी भीती जाते, हे स्कूटी शिकलेल्या प्रत्येकीला माहीत आहे.

बायका मोटारसायकल चालवतात हे आता नवलही राहिलेलं नाही. पुण्याच्या उर्वशी पाटोळे यांनी २०११ मध्ये 'बायकर्नी' हा बायकांचा मोटारसायकल गट सुरू केला. पुण्याच्याच रमिला लटपटे मार्च २०२३ मध्ये मुंबईच्या गेटवे ऑफ इंडियापासून मोटारसायकलवर जगप्रवासाला निघाल्या, आणि त्याही नऊवारी नेसून! कासोटा घट्ट असला की पदर चाकात जात नाही, हे आपल्या आज्यांना ठाऊकच होतं. फक्त त्यांना कुणी हँडल दिलं नाही.

शेवटी काय ठरलं?

शेवटी तोडगा काढला तो गॅरेजवाल्या काकांनी. म्हणाले, "बॉबर म्हणजे नको ते काढायचं ना? मग कंपनीने जे दिलं नव्हतं ते सगळं काढू."

आणि एका रविवारी मुलाने आणि सूनबाईने मिळून गाडी खोलायला घेतली. काय काय निघालं! दोन किटल्यांचे चार हूक. घासाच्या भाऱ्यासाठी जोडलेलं जाड कॅरिअर. पुढे एक क्रॅशगार्ड, मागे एक. दोन जास्तीचे दिवे, त्यातला एकही लागत नव्हता. भोंग्याचा रबरी फुगा. टाकीवर एकावर एक चिकटवलेले स्टिकर, अगदी खाली मामंजींनी लावलेला भगवतीचा. तो तेवढा ठेवला. हे सगळं उतरवल्यावर जी गाडी दिसली ती मी लग्नानंतर कधी पाहिलीच नव्हती. सडपातळ, नीटस, मडगार्डची गोलाई पूर्ण दिसणारी. मुलगा लांब जाऊन उभा राहिला आणि म्हणाला, "मम्मी, ही तर आधीच भारी होती."

रंग मूळचाच मारला, लालसर तपकिरी. सायलेन्सरला नवं क्रोम झालं. साडीगार्डला गंज होता, तो काढून परत बसवलं. इंजिनासाठी सुटे भाग मिळवायला मुलाला बरीच पायपीट करावी लागली, पण लागले. कागदपत्रांचे हेलपाटेही झाले. सगळं आरसी बुकाप्रमाणेच होतं, त्यामुळे गाडी पास झाली.

राहिली सीट. वरचं रेक्झिन पार फाटलेलं. मुलगा म्हणाला, बाहेरून करून आणतो. मी म्हटलं, घरात शिवणारी असताना? जुनं कव्हर उसवून त्याचाच कागदी पॅटर्न काढला. जाड काळं रेक्झिन आणलं. दोन सुया मोडल्या, बोटाला फोड आला, पण शिवलं. पुढच्या माणसाला जेवढी जागा, मागच्याला तेवढीच. आणि मधला तो धरायचा पट्टा दुहेरी टीप मारून पक्का केला.

पहिल्या फेरीला कोण बसणार यावर वाद झालाच नाही. आत्याबाई आधीच नवं लुगडं नेसून ओट्यावर तयार होत्या. नातवाने हेल्मेट दिलं तर म्हणाल्या, "हे टोपलं कशाला?" पण मागच्यालाही हेल्मेट सक्तीचं आहे असं सूनबाईने सांगितल्यावर मुकाट घातलं. गाडी देवीच्या देवळाकडे निघाली. डुग डुग डुग.

सूनबाईचं गिअरच्या मोटारसायकलचं लायसन्स अजून व्हायचंय. स्कूटीचं आहे, पण गिअरवालीचं वेगळं काढावं लागतं. कॉलेजच्या मैदानावर रोज संध्याकाळी शिकते. परवा मला म्हणाली, "मम्मी, लायसन्स आलं की पहिली चक्कर तुमची. बसाल ना मागे?"

मी हो म्हटलंय. पस्तीस वर्षं त्या सीटवर बसतेय. पण पुढे बाई आणि मागेही बाई, असं अजून कधी बसले नव्हते. आणि या वेळी खांद्याला धरायची चोरी नाही!

तुमच्याही घरात एखादी जुनी गाडी पोत्याखाली उभी असेल. एखाद्या मुलाच्या डोक्यात तिच्यासाठी काही ना काही शिजत असेल. शिजू द्या. फक्त कात्री चालण्याआधी एकदा ओट्यावरच्या आजीला विचारा आणि एकदा घरातल्या सुनेलाही. दोघींची मापं घेतली की मगच कापा.